चुडाव्याहून आणलेली चावी

जिंतूरच्या पुढे

आमचा धंदा मधमाश्यांचा. गाव वाईच्या बाजूला, पण वर्षातले बरेच महिने मी पेट्या घेऊन फुलांच्या मागे फिरत असते. तूर फुलली की मेहकरकडे, करडई फुलली की परभणीकडे. घरी नवरा मध गाळण्याचं बघतो आणि मी आमचे ड्रायव्हर शौकतभाई यांच्याबरोबर ट्रकवर असते. बाईमाणूस ट्रकवर कशी जाते, असं लोक विचारतात. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. या जानेवारीतल्या खेपेत मात्र लाज वाटावी असं माझ्या हातून घडलं, आणि परत आल्यापासून ते मनातून जात नाही.

तूर उरकून आम्ही मेहकरहून निघालो होतो. पूर्णा तालुक्यात एका बागायतदाराची करडई ठरलेली होती. माश्या अंधारात न्यायच्या असतात. पेट्यांची दारं जाळीने बंद करायची आणि ऊन चढायच्या आत पोचून ती उघडायची. तसं केलं नाही तर आतल्या आत माश्या गुदमरून मरतात. जिंतूरचे डोंगर मागे पडले, रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं लागली, आणि उजाडता उजाडता मागच्या चाकातून धूर यायला लागला.

शौकतभाई खाली उतरले, हात लावून बघितला आणि लगेच मागे घेतला. "ताई, बेअरिंग धरलंय. चाक आता फिरायचं नाही."

बेअरिंग बदलणं त्यांना नवं नव्हतं. पण त्यासाठी आधी मधला एक्सल बाहेर ओढावा लागतो, आणि तो बोल्टांच्या एका कड्याने धरलेला असतो. त्यांनी चिखल पुसला आणि थांबलेच. बोल्टांची डोकी बाहेरून गोल होती. पाना धरायला कडाच नाहीत. मध्ये एक भोक, आणि भोकात चारी बाजूंनी बारीक दाते. शौकतभाईंनी बोट आत घालून मोजले. बारा.

"हा एक्सल या गाडीचा नाहीच," ते म्हणाले. "आधीच्या मालकाने कुठल्या तरी परदेशी मशिनीचा बसवलाय."

ट्रक आम्ही जुना घेतला होता. घेताना मी रंग बघितला, टायर बघितले. खाली वाकून कोण बघतं?

ऊन वर येत होतं. पेट्यांमधून माश्यांचा आवाज चढायला लागला होता. बाजूच्याच शेतात एक जोडपं हरभऱ्याला पाणी देत होतं. ते आमच्याकडे बघत आले. दादाराव आणि त्यांची बायको कुशावर्ता. मी काय झालं ते सांगितलं. पेट्या तुमच्या बांधावर उतरवून उघडते, म्हणाले, नाहीतर सगळ्या जातील.

"उतरवा की," दादाराव म्हणाले. "आमचंच रान हाय. जरा पलीकडं करडई बी फुललीय."

कुशावर्तावहिनींनी मात्र विचारलं, "चावतील का वो, ताई?"

"माझ्या माश्या काही करत नाहीत," मी म्हणाले.

हे मी सगळीकडे म्हणते. एरवी ते खरंही असतं. पण खडखडत आलेली, कोंडून ठेवलेली माशी उघडल्यावर चिडलेली असते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बांधापासून जवळच बाभळीखाली एक बैल बांधलेला होता. लाल कंधारी, भरदार, उन्हात अंग तांब्यासारखं दिसत होतं. तो तिथून हलवायला सांगावं, असं माझ्या मनात आलंसुद्धा. तेवढ्यात शौकतभाईंनी जॅक धरायला हाक मारली आणि ते राहून गेलं.

पेट्या चौघांनी मिळून उतरवल्या. दारं उघडली तशा माश्या भसाभसा बाहेर आल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग त्या दोघांनी आम्हाला जेवायला बसवलं. सकाळच्या पारी जेवणच. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, इथे आधी ताट. आम्ही जिला भाकरी म्हणतो ती इथे भाकर. ज्वारीची, पातळ आणि तळहातापेक्षा कितीतरी मोठी. बरोबर तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वहिनी हसल्या आणि दही पुढे केलं. "तुमच्या वाईकडं ग्वाड खात असतील," म्हणाल्या.

त्या दात्यांत बसेल अशी चावी शोधायला कुणीतरी जायला हवं होतं. शौकतभाईंनी ट्रकजवळ थांबून चाक मोकळं करत आणायचं ठरवलं. बोल्ट तर निघत नव्हता, मग दुकानात दाखवायचं काय? माझ्याजवळ मेणाचा गोळा होता. तो चुलीजवळ मऊ करून बोल्टच्या भोकात दाबला, निवल्यावर ओढून काढला. बारा दात्यांचा ठसा लख्ख उठला होता. ओल्या रुमालात गुंडाळून मी तो पिशवीत ठेवला.

"ताई, ह्यांच्या गाडीवर जावा," वहिनी म्हणाल्या. "तुमाला इकडली मान्सं ठाव न्हाईत. भाऊ समजून बसा, ह्ये घेऊन जातील सगळीकडं."

घरात एकच फोन होता. दादारावांनी तो बायकोजवळ ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली.

जिंतूर आणि परभणी

आधी आम्ही मागे जिंतूरला गेलो. स्टँडच्या पुढच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने ठसा हातात घेऊन फिरवला. त्याच्याकडे सहा कोनी चाव्या होत्या, चांदणीसारख्या सहा दात्यांच्याही होत्या. बारा दात्यांची नव्हती. "सहावाली घालून ठोकली तर दाते झिजतेत," तो म्हणाला, "मंग बोल्ट कुणाच्याच बापाला निगत न्हाई. गॅसनं कापून देऊ का?" कापायचं तर चाकाचा मधला भाग, हबच खराब होण्याची भीती होती. मी नको म्हणाले. आणखी दोन ठिकाणी विचारलं. एकाने ठसा बघून मेण कुठलं म्हणून विचारलं, चावीचं काही नाही.

तिथून परभणी. दादाराव गाडी सावकाश चालवत होते, खड्डा आला की आधी सांगत होते. वाटेत कापसाच्या गाड्या लागल्या, उसाच्या टोळीचे रिकामे ट्रॅक्टर लागले. ते मागे वळून सांगत, हे अमक्याचं रान, ही विहीर अमुक साली आटली. माझं लक्ष घड्याळाकडे. बेअरिंग परभणीत पहिल्याच दुकानात मिळालं. चावीसाठी मात्र हार्डवेअरची सगळी गल्ली पालथी घातली. शेवटी एका दुकानदाराने काउंटरखालून एक डबी काढली. उघडली तर आत बारा दात्यांच्याच चाव्या, ओळीने लावलेल्या. मी ठसा काढला. सगळ्यात मोठी चावी त्याला टोकाशी टोक लावून धरली, तर ती बारीक पडली.

"ह्या कारच्या आहेत," दुकानदार म्हणाला. "तुमचा बोल्ट मोठ्या मशिनीचा दिसतोय. थांबा." त्याने दोन फोन लावले. मग म्हणाला, "चुडाव्याला स्टेशनजवळ बालाजी मिस्त्री आहे. हार्वेस्टर खोलतो. त्याच्याकडे आहे म्हणतोय. पण तुम्हालाच जावं लागेल."

चुडावा म्हणजे पूर्णेच्याही पुढे. जिकडून आलो त्याच्या उलट्या दिशेला. मी दादारावांकडे बघितलं.

"जाऊ की," ते म्हणाले. "निगालोच हाव तर खाली हात कशाला जायाचं? च्या पिऊन निगू."

ते रस्त्यापलीकडे गाड्यावर चहा सांगायला गेले आणि माझा फोन वाजला. शौकतभाई होते. कुठे आहात विचारलं, परभणीत म्हणाले. मागे बायकामाणसांचा आवाज येत होता.

"ताई, बैल माश्यांत सापडला. त्याने दावं ताणून पेटी पाडली, आणि सगळा लोट त्याच्यावर गेला. वहिनी घोंगडं घेऊन आत शिरल्या, मी धूर केला. सोडवलंय त्याला, पण तोंड सुजलंय, डोळा दिसत नाही. इथले डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेत, फोन लागत नाही. दादारावांना सांगा. परभणीत जनावरांचा मोठा दवाखाना आहे म्हणे, तिथून कुणाला तरी घेऊन या, नाहीतर औषध तरी. लवकर सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

समोर दादाराव दोन कप हातात धरून रस्ता ओलांडायला थांबले होते. एक रिक्षा गेली, एक स्कूटर गेली. तेवढ्या वेळात मी सगळा हिशेब केला. यांना सांगितलं तर हे आत्ताच्या आत्ता मागे फिरणार. मग मला चुडाव्याला कोण नेणार? चावी आज नाही मिळाली तर माश्या त्याच बांधावर राहणार, आणि तिकडे करडईवाला दुसऱ्या कुणाच्या पेट्या लावून घेणार. मग मी मनाला असंही समजावलं, की चावी लवकर मिळाली तर पेट्या लवकर हलतील, त्यात यांचंही भलंच आहे. डॉक्टर काय, येतीलच गावात परत.

"कुनाचा फोन?" कप देत त्यांनी विचारलं.

"शौकतभाईंचा. चाक मोकळं झालं म्हणत होते."

चहा गोड होता, फार गोड. तो मी सगळा प्यायले.

चुडावा

पूर्णेपर्यंत मी रस्त्याकडे बघत बसले. दादारावांना वाटलं मी थकले. एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवून डहाळे घेतले, हिरव्या हरभऱ्याचे, आणि सोलून खात बसा म्हणून माझ्या हातात दिले. मी ते मांडीवर तसेच धरून ठेवले.

बालाजी मिस्त्रीची शेड स्टेशनच्या अलीकडेच होती. पुढे दोन हार्वेस्टर उघडे पडलेले, पलीकडे रूळ. माणूस जाडजूड, बोलका. त्याने खोक्यात हात घालून चावी काढली. बोटभर जाड, काळी, टोकाला बारा दाते. ठशाला टोकाशी टोक लावून धरली, तर दात्याला दाता जुळला.

"पंजाबातून हार्वेस्टरवाले येतेत, त्यांच्याकडून ठेवून घेतलीय," तो म्हणाला. "न्या. काम झालं की परत द्या. तुमी हिकडंच येनार हाव ना करडईला? पण ताई, तुमी मधवाल्या म्हनता. आमच्या मायला खोकला हाय. अस्सल मध कुठं मिळतो आता?"

पिशवीत एक बाटली होती, ती मी दिली. तो इतका खूश झाला की चहा घेतल्याशिवाय सोडेना. नको म्हणाले, उशीर होतोय म्हणाले. "काय घाई हाय? चावी तर घावली," तो म्हणाला, आणि दादारावही हसून खाटेवर टेकले.

मग त्यांचं बैलांवर बोलणं सुरू झालं. बालाजीने विचारलं, अजून बैल ठेवता, ट्रॅक्टर न्हाई का?

"भाड्यानं आनतो की ट्रॅक्टर," दादाराव म्हणाले. "पन् कोळपायला बैलच लागतो. माज्याकडं माणक्या हाय. घरच्याच गाईचा. गाय मेली तवा हा इत्तुसा व्हता. आमच्या घरचीनं बाटलीनं दूध पाजून वाढवला. आता तिच्याबिगर कुनाचं ऐकत न्हाई. मी हाक मारली तर बगत बी न्हाई, तिनं नुसतं खाकरलं तरी मान वर करतोय."

बालाजी हसला. मी चावी पदरात गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. चहा आला. तोही प्यायले.

फाटक

निघालो आणि पूर्णेच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. दादारावांनी गाडी बंद केली. पुढे मागे वाहनं थांबली. चावी आता माझ्याजवळ होती. मला त्यांच्याकडून आणखी काही हवं नव्हतं. आणि तेव्हाच मला तोंड उघडता आलं, याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

"दादा," मी म्हणाले, "तुमच्या माणक्याला माश्या चावल्यात. खूप. डोळा सुजलाय. डॉक्टर मिळत नव्हते, परभणीतून घेऊन या म्हणून फोन आला होता."

ते मागे वळले. "कवा आला फोन?"

आत्ता आला म्हणता आलं असतं. फोन माझ्याच हातात होता.

"परभणीत. तुम्ही चहा आणत होता तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना ते समजत नव्हतं. मालगाडी आली, बराच वेळ धडधडत गेली. फाटक वर झालं, मागच्यांनी हॉर्न वाजवले. त्यांनी गाडी सुरू केली.

परभणीपर्यंत त्यांनी एकाही खड्ड्याची सूचना दिली नाही. गाडी कधी एवढी जोरात चालवली नसेल त्यांनी. दवाखान्याची वेळ टळून गेली होती. मग जनावरांच्या औषधांच्या दुकानात थांबलो. दुकानदाराने माश्या कधी चावल्या विचारलं. दुपारी, दादाराव म्हणाले.

"अहो, मग एवढा वेळ काय करत होता? डोळ्याचं काम आहे."

"बाहेर व्हतो," ते म्हणाले. पैसे मी पुढे केले तर त्यांनी माझा हात नुसता बाजूला केला आणि स्वतःचे दिले.

बांधावर

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बैल पार लांब, घराच्या मागे नेऊन ठेवला होता. बसलेला होता. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, डावा डोळा पूर्ण मिटलेला, त्यातून पाणी गळत होतं. गावातले डॉक्टर नुकतेच येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. त्याच्या मानेशी कुशावर्तावहिनी बसल्या होत्या. घोंगडं घेऊन आत शिरल्या होत्या ना, त्यांचाही एक गाल आणि दोन्ही हात सुजले होते. बांगड्या रुतल्या होत्या मनगटात.

मला बघून त्या उठायला लागल्या. "घावली का, ताई, चावी?"

मला हो म्हणवेना. मान हलवली.

"शौकतभाईनं फोन केला व्हता म्हनं तुमाला," त्या दादारावांना म्हणाल्या. "मी वाटंकडं डोळे लावून बसले. इतका येळ कसा झाला वो?"

शौकतभाई माझ्याकडे बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या आधी दादाराव बोलले.

"फोन आला तवा आमी चुडाव्यात व्हतो. तिथून यायलाच येळ लागला."

"चुडाव्याला?" वहिनी म्हणाल्या. "लय लांब पडलं मंग. तुमी तरी काय करनार."

शौकतभाईंनी खाली मान घातली. फोनवर मी त्यांना परभणीत आहे असं सांगितलं होतं. मग माझ्या हातातली चावी घेऊन ते ट्रककडे गेले.

पुढचं काम सरळ झालं. चावी हातोडीने भोकात बसवली, दांड्याला लांब पाइप लावला, आणि दादाराव न बोलवता पाइपाला येऊन लागले. पहिला बोल्ट कडाक् वाजला तसा शौकतभाईंनी श्वास सोडला. एकेक करून सगळे निघाले. एक्सल बाहेर आला, जळकं बेअरिंग निघालं, नवं बसलं. दिवसभर मी ज्याच्यासाठी धावले ते डोळ्यांसमोर होत होतं, आणि मी दुसरीकडे बघत होते.

हात पुसायला दादाराव बोअरजवळ गेले तेव्हा मी मागोमाग गेले. "वहिनींना मी खरं सांगते," म्हणाले.

"नका सांगू."

"दादा, मला…"

"तुमाला बरं वाटंल," ते म्हणाले. "तिला न्हाई वाटायचं. तिनं तुमाला माज्यासंगं बहीण म्हनून धाडलं. आता कशाला?"

ते हात धुऊन निघून गेले. रात्रीचं जेवण त्यांनी आम्हाला घातलंच. वहिनींना भाकर थापता येत नव्हती, शेजारची एक बाई येऊन करून गेली.

अंधार पडल्यावर माश्या पेट्यांत परतल्या होत्या. दारं बंद केली, पेट्या चढवल्या आणि पहाटे निघालो. बैल उभा राहिला होता, एवढं बघायला मिळालं. वहिनींनी सुजल्या हातांनी डहाळ्यांची जुडी केबिनमध्ये दिली आणि पुढल्या वर्षी इकडंच या म्हणाल्या. दादाराव ट्रकच्या मागून फिरून माझ्या खिडकीशी आले. या असं ते म्हणाले नाहीत.

"पेट्या उतरवताना आदी जनावर कुठं बांधलंय ते बगत जावा," एवढंच म्हणाले.

चावी जाता जाता चुडाव्याला परत केली. बालाजी मिस्त्रीची आई खोकत बाहेर आली आणि मधासाठी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

करडई छान फुलली होती. माश्यांनी भरपूर मध केला. तो आम्ही घरी आणून गाळला, बाटल्या भरल्या. माझ्या मनात काही वेळा येतं की एखादी पाठवावी. अजून पाठवलेली नाही.

परवा वहिनींचाच फोन आला. सहज केला म्हणाल्या. माणक्याचा डावा डोळा गेला. कामाला लागलाय आता, पण उजव्या बाजूला जुंपावा लागतो, म्हणजे गेलेला डोळा जोडीदाराकडे राहतो आणि तो बिचकत नाही. डॉक्टर म्हणाले, जरा लवकर औषध पडलं असतं तर वाचलाही असता. हे त्या मला दोष देत सांगत नव्हत्या. शेजारणीला सांगावं तसं सांगत होत्या.

"त्या वक्ताला तुमी परभनीतच असत्या ना, ताई," त्या म्हणाल्या, "तर ह्येंच्यासंगं डाक्टर घेऊनच आल्या असत्या. न्हाई का?"

माझा नवरा समोर बाटल्यांना झाकणं लावत होता. त्याने वर बघितलं.

"हो वहिनी," मी म्हणाले. "आम्ही चुडाव्याला होतो."